चार नंबरचं पाणी

३ फेब्रुवारी

धाकट्या,

सात वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा आधी खुशाली विचारायला हवी. ती शेवटी विचारेन. आधी एक प्रश्न. फेरीची तारीख तुमच्या कारखान्याला कोण सांगतं?

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. शिवाय कागदावरचं नंतर नाकारता येत नाही. तुलाही आणि मलाही.

बाबांच्या वेळी जे चालायचं तेच अजून चालतं. महिन्यातून एकदा पाण्याचे नमुने घ्यायला फेरीची जीप निघते. नदीवर सहा जागा ठरलेल्या आहेत. प्रत्येक जागी दोरीने बादली सोडायची, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग काठोकाठ भरायची. चार नंबर पादचारी पुलावर, तुमच्या रंगाई कारखान्याचं सांडपाणी नदीत पडतं तिथून तीनशे पावलं खाली. कारखान्यात सांडपाण्याच्या टाक्या तू सांभाळतोस. व्हॉल्व्ह उघडणं आणि बंद करणं हे तुझं काम. म्हणून प्रश्न तुला.

चार नंबरचं पाणी दर महिन्याला चांगलं निघतं. ऑक्सिजन साडेसहाच्या खाली जात नाही. रंग नाही, वास नाही. दहा वर्षांचे आकडे माझ्यापुढे आहेत. तीन वर्षांचे बाबांचे, सात वर्षांचे माझे.

गेल्या आठवड्यात खालच्या वस्तीच्या पंपघरात गेले होते. नदीचं पाणी आत येतं त्या तोंडाशी जाळी आहे. ती धुणारा माणूस पंधरा वर्षं तेच करतो. त्याला विचारलं, जाळीला काय काय अडकतं.

"काय अडकायचंय? पालापाचोळा. पण रंग बघा की. काल निळी होती, परवा विटकरी. बायको माझा शर्ट बघते आणि म्हणते, कामाला जाता का घरं रंगवायला?"

"मला कधी दिसली नाही."

"तुम्हाला कशी दिसेल, बाई? तुम्ही येणार म्हटलं की नदी आंघोळ करून, भांग पाडून बसते. तुम्ही रोज या ना."

मी हसले नाही. मग तोही थांबला. म्हणाला, मध्ये एक वर्ष बरं गेलं होतं, सात-आठ वर्षांपूर्वी. महिनोन्‌महिने जाळी पांढरी. पुढे पुन्हा सुरू झालं.

हे सगळं आत्ताच का, असं तू म्हणशील. या वर्षी पूर्ण खोऱ्याचा आराखडा ठरतो आहे. उगमापासून मुखापर्यंत नदीचे पट्टे पाडलेत. ज्या पट्ट्याचं पाणी वाईट, तिथे सांडपाण्यावर मर्यादा येईल, देखरेख येईल. ज्याचं चांगलं, तिथे आणखी सोडायला परवानगी मिळू शकेल. चार नंबरचा पट्टा आमच्या नकाशावर हिरवा आहे, आणि तुमच्या कारखान्याने दुप्पट सोडण्यासाठी अर्ज केला आहे. तीस एप्रिलला सुनावणी. त्यानंतर बारा वर्षं नकाशाचा रंग बदलत नाही. खालच्या वस्तीत चाळीस हजार माणसं ते पाणी पितात. तुझी मुलगीही.

बाबा दर रविवारी तुझ्याकडे जेवायला यायचे. कामाचं बोलल्याशिवाय त्यांना घास जात नसे. तारीख त्यांच्या तोंडून निघत असणार, आणि तुझ्या कानातून पुढे जात असणार. ते गेल्यावर तुला दुसरं कोणी सापडलं. कोण, ते मी शोधते आहे.

त्यांच्या जागी मी लागले त्या दिवशी तू दारात उभा राहून म्हणालास, "तू काय केलंस ते तुला कळत नाही." त्याचा अर्थ मी तेव्हाच लावला होता. पकडला जाण्याची भीती असली की माणूस असंच बोलतो.

उत्तर पाठव. पुढच्या फेरीची तारीख माझ्याकडून कळेल अशी आशा ठेवू नकोस.

मुलगी कितवीत आहे?

बहीण

११ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. तुझंही बरोबर आहे. मागचं पत्र जरा कडक झालं. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं आणि तरी टाकलं.

इकडे काही नवीन नाही. बाबांचं कपाट अखेर उघडलं. तुझी कंपासपेटी निघाली. आत कर्कटक आहे, पेन्सिलीचा तुकडा आहे, आणि एक माझं खोडरबर, जे 'मी घेतलंच नाही' म्हणत तू दिवसभर रडला होतास. ते आता दगडासारखं झालंय.

माझा उजवा गुडघा पुलाच्या पायऱ्यांवर कुरकुरतो. नवे साहेब बत्तीस वर्षांचे आहेत. आराखड्याचे नकाशे स्वतः रंगवतात आणि रंगवताना जीभ बाहेर काढतात. मला मॅडम म्हणतात. आपल्यापेक्षा वयाने मोठी बाई समोर असल्याचा त्यांना त्रास होतो, पण ते चांगले आहेत.

तुला कंपासपेटी आणून द्यावी असं मनात आहे. वीस तारखेला फेरी आहे, त्यामुळे त्या आठवड्यात जमणार नाही. त्यानंतरच्या रविवारी येऊ का?

बहीण

२८ फेब्रुवारी

धाकट्या,

वीस तारखेला फेरी नव्हती. ती तारीख फक्त तुझ्यासाठी होती.

वीसला सकाळी पंपघरावर जाऊन बसले. तू तारीख पुढे दिली असतीस तर जाळी पांढरी निघायला हवी होती. जाळीवाल्याने ती वर ओढली. जांभळी. त्याने ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, दुकानदार लुगडं दाखवतो तशी. "घ्या, बाई. तुमच्या अंगावर खुलेल."

खरी फेरी चोवीसला झाली. चार नंबरला ऑक्सिजन सहा पॉइंट आठ. पाण्यात पुलाची सावली स्वच्छ दिसत होती.

म्हणजे तू सांगितलं नाहीस. निदान या वेळी नाही. तुला वास आला असेल. पत्ते खेळताना मी हुकूम दाबून ठेवलाय हे तुला नेहमी कळायचं, आणि कळूनही तू न कळल्यासारखं खेळायचास. तेव्हाही मला त्याचाच राग यायचा.

मग उरला जीपचा ड्रायव्हर. जीप मागवण्याचा कागद मी आदल्या दिवशी त्याच्याकडे देते. परतताना त्याला सरळ विचारलं, तुझं कोणी रंगाई कारखान्यात आहे का?

"आहे ना, मॅडम."

"कोण?"

"तुमचाच भाऊ."

उतरताना म्हणाला, "मला चार मुली आहेत. खालच्याच वस्तीत राहतो मी." मी त्याला सॉरी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, हे तुला लिहिताना लक्षात येतंय.

कंपासपेटी अजून माझ्याकडेच आहे. ती मात्र खरी आहे.

बहीण

१७ मार्च

धाकट्या,

या वेळी जीप घेतली नाही. कागद भरला नाही. साहेबांना सांगितलं नाही. रजा टाकली, खांद्याला पिशवी अडकवली आणि बसने गेले. सहा बाटल्या, बादली, दोरी. कंडक्टरने विचारलं, दूध घालता का? हो म्हटलं.

चार नंबरला सहा पॉइंट सात.

पुलावर बराच वेळ उभी राहिले. तारीख मी मनात ठरवली होती. कोणाला बोलले नव्हते, कुठे लिहिली नव्हती. क्षणभर वाटलं, आपण झोपेत बोलत असू. पण ऐकायला घरात दुसरं कोणी नाही.

बाटल्यांच्या वजनाने पिशवीचा बंद उसवला होता. दुसऱ्या दिवशी कार्यालयासमोरच्या शिवणकामवाल्या बाईंकडे गेले. त्यांची खिडकी आणि आमच्या प्रयोगशाळेची खिडकी समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. दहा वर्षं माझे कपडे त्याच शिवतात. त्यांनी बंद हातात घेतला, सुई ओवली आणि मान वर न करता म्हणाल्या, "कालच्या फेरीत गेला वाटतं हा."

"काल फेरी होती हे तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, परवा बाटल्या लागल्या ना तुमच्या खिडकीत! त्या लागल्या की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे डबा लवकर. आमचे हे उजाडताच निघतात. टाकी बंद करायची असते म्हणे." मग दोरा दाताने तोडला. "काल जीप नव्हती बाहेर, मी म्हटलं, आज बाई चालत गेल्या की काय."

त्यांचे 'हे' म्हणजे तुमच्या पहिल्या पाळीचे मुकादम. मला माहीत होतं. कधी जोडून पाहिलं नव्हतं.

बाबांचा नियम तुला पाठ असेल. बाटलीला फडकं लावायचं नाही, फडक्याचा धागा आत राहतो आणि आकड्यात येतो. धुवायची, खिडकीतल्या खुंट्यांवर उलटी टांगायची, वाऱ्याने वाळू द्यायची. आणि धुतलेली बाटली शिळी करायची नाही. फेरीच्या आदल्या दिवशीच धुवायची. मी सात वर्षांत एकदाही चुकले नाही. बसने गेले त्याच्या आदल्या दिवशीही सहाच्या सहा बाटल्या टांगल्या होत्या, रस्त्याकडे तोंड करून.

तारीख मीच सांगत होते.

तुझी माफी मागायला हवी, हे कळतं. मागते. पण माफी मागूनही एक गोष्ट शिल्लक राहते. व्हॉल्व्ह तुझ्या हातात आहे. बाटल्या लागल्या की तो बंद होतो हे तुला पहिल्यापासून माहीत असणार. माझं पहिलं पत्र मिळालं तेव्हा एका ओळीत सांगू शकला असतास. सांगितलं नाहीस. का?

बहीण

२० मार्च

धाकट्या,

मागच्या पत्राला तीनच दिवस झाले. उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे, कारण एक गोष्ट आठवली आणि ती आता जात नाही.

शेवटच्या वर्षी बाबा रोज बाटल्या टांगायचे.

मी तेव्हा त्याच खोलीत चाचणीच्या टेबलावर बसत होते. सकाळी यायचे, वाळलेल्या बाटल्या काढायचे, पुन्हा धुवायचे, पुन्हा टांगायचे. फेरी नाही, जीप नाही. रोज. मी एकदा म्हटलं, "बाबा, फेरी पंधरा दिवसांनी आहे." म्हणाले, "असू दे. बाटल्यांना ऊन लागू दे." सगळं कार्यालय हसायचं. शिपाई त्यांना पाहून कपाळाशी बोट फिरवायचा आणि मला पाहून ते बोट खिशात घालायचा.

मग ते निनावी पत्र आलं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय, आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा म्हणून. कोणी पाठवलं ते आता विचारत नाही, अंदाज आहे. तेव्हाच्या साहेबांनी मला बोलावलं. घरच्या माणसाचं म्हणणं कागदावर लागेल म्हणाले. मी लिहून दिलं: वडिलांना आता काम झेपत नाही. खाली सही केली. ते घरी बसले, मी त्यांच्या जागी लागले, आणि पहिल्याच दिवशी मी खिडकी रिकामी केली. सगळं शिस्तीत आणलं. बाटल्या फक्त आदल्या दिवशी.

जाळीवाला म्हणाला होता, एक वर्ष जाळी पांढरी होती. ते कोणतं वर्ष होतं हे मी आज वहीत पाहिलं.

तुमची टाकी किती दिवसांत भरते? व्हॉल्व्ह रोज बंद ठेवावा लागला तर तुम्ही काय करता?

आणि बाबांना कोणी सांगितलं?

बहीण

२ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या प्रश्नांना इतक्या कमी ओळी फक्त तूच लिहू शकतोस. तुझ्याच शब्दांत उतरवून ठेवते, म्हणजे पुढे आपल्यात वाद नको.

"टाकी दोन दिवसांत भरते. मग यंत्र चालवून पाणी शुद्ध करूनच सोडावं लागतं. यंत्र आहे, एरवी चालवत नाहीत. बाबांना मी सांगितलं. ताईला सांगायचं नाही अशी शपथ घातली त्यांनी. ती गप्प बसणार नाही आणि तुझी नोकरी जाईल, म्हणाले. मुलगी सहावीत आहे."

शेवटची ओळ मी सगळ्यात जास्त वेळा वाचली.

दारात तू म्हणालास ते आता पुन्हा ऐकते आहे. शब्द तेच आहेत. अर्थ मी लावला होता.

पण तुला वाटत असेल की आता माझं समाधान झालं, तर तसं नाही. संशय तुझ्यावरून उठला आणि बाबांवर जाऊन बसला. त्यांनी ते कशासाठी केलं? नदीसाठी, तुझ्या नोकरीसाठी, की स्वतःच्या वहीसाठी? तू सांगितलंस त्या दिवशी त्यांना कळलं असणार की आपले दोन वर्षांचे आकडे खोटे आहेत. साहेबांकडे जाऊन तसं म्हणायला हवं होतं. ते नाही म्हटलं. त्यांनी आकडे खोडले नाहीत, नदीच आकड्यांसारखी करून ठेवली. भ्रमिष्ट म्हणवून घेतलं, पण चुकलो म्हटलं नाही. पोरीने कागदावर सही केली तेव्हाही तोंड उघडलं नाही. आठ महिने घरात बसून होते. मी रोज संध्याकाळी येऊन आज काय काय झालं ते सांगायचे. बाटल्या आता कशा नियमाने टांगते तेही सांगायचे. ते "हं" म्हणायचे.

तो "हं" कसा होता, ते मी आठवायचा प्रयत्न करते. आठवत नाही.

काल बाटल्या घरी धुतल्या आणि ओट्यावर वाळवल्या. आज बसने गेले. चार नंबरला ऑक्सिजन दोन पॉइंट एक. त्या पाण्यात मासा तग धरत नाही. बाटलीतलं पाणी फिकट गुलाबी होतं, दिसायला छान. कंडक्टर तोच होता. म्हणाला, "आज सरबत का?"

बहीण

२५ एप्रिल

धाकट्या,

साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी वाचलं, खिडकीपाशी गेले, खुंट्यांना हात लावून पाहिला, परत येऊन बसले.

"मॅडम, दहा वर्षांचे आकडे रद्द करा म्हणताय. त्यातली सात वर्षं तुमची आहेत."

"हो."

"कारण काय देऊ? बाहेरचं कोणीतरी तारीख फोडत होतं, असं लिहू या. नाव नको कोणाचं."

"बाहेरचं कोणी नव्हतं. खिडकी होती, बाटल्या होत्या आणि मी होते."

"लोक हसतील हो."

"हसू दे. शिपायाला सवय आहे."

बाबांच्या शेवटच्या वर्षाचे आकडे खरे आहेत, ते राहू द्यावेत, असं मी खाली लिहिलं. ते खरे कसे झाले, ते लिहिलं नाही. लिहिलं तर तुझं नाव येतं. मुकादमांची गोष्ट त्यांच्या बायकोने सांगितली, तीही लिहिली नाही. बंद शिवून दिला आणि मजुरी घेतली नाही त्या बाईने. तिच्या घरात आग लावायची नाही मला. म्हणजे मीही पूर्ण खरं लिहिलेलं नाही. बाबांना नावं ठेवताना हे लक्षात ठेवेन.

रोज बाटल्या टांगायचा विचार मीही केला. सोपं आहे. सुनावणी होऊन जाईल, हिरवा पट्टा हिरवा राहील, आणि मी रोज सकाळी सहा बाटल्या धुऊन लावत जाईन. पण कधीतरी मी निवृत्त होईनच. माझ्या जागी येणारी मुलगी हुशार असेल, शिस्तीची असेल, आणि पहिल्याच दिवशी खिडकी रिकामी करेल. चाळीस हजार माणसांचं पाणी एका बाईच्या खुंट्यांवर टांगून ठेवता येत नाही. त्यासाठीच तर आराखडा करायचा.

साहेबांचं म्हणणं असं की दोन पॉइंट एक हा एकच आकडा आहे, तोही माझ्या एकटीचा. समिती तो धरणार नाही. सुनावणीआधी साक्षीदारांसमोर एक नमुना घ्यावा लागेल. रंगीत निघाला तर चार नंबर लाल होईल. स्वच्छ निघाला तर मी खोटी ठरेन, तुमचा अर्ज मंजूर होईल, आणि बारा वर्षं त्या पुलावर कितीही बादल्या सोडल्या तरी उपयोग होणार नाही. तारीख मी एकटीने ठरवायची आणि कोणाला सांगायची नाही, असं ठरलं आहे. साहेब आणि समितीचा माणूस जीपमध्ये बसतील, तेव्हाच त्यांना कळेल कुठे जायचं ते.

या पट्ट्यावर मर्यादा आली तर तुमच्याकडे यंत्र रोज चालवावं लागेल. मालक आधी कोणाकडे बोट दाखवतील हे मला माहीत आहे. पुलावर ये, असं मी म्हणत नाही. काही सांग, असंही म्हणत नाही. त्या सकाळी मुकादमांना एक शब्द बोललास, तर टाकी बंद होईल आणि तुझी नोकरी सुखरूप राहील. तेही मला माहीत आहे.

तुझ्यावर आता पूर्ण विश्वास बसलाय असं लिहिलं तर ते खोटं होईल. सात वर्षं जे पोसलं ते दोन महिन्यांत जात नाही. हे पाकीट बंद करेपर्यंत ते माझ्या कानाशी बोलत राहणार. पण आपल्या घरात प्रत्येकाने दुसऱ्याला वाचवण्यासाठी तोंड बंद ठेवलं, आणि नदीत जे जायचं ते जात राहिलं. कोणीतरी ते आधी उघडायला हवं. मी थोरली आहे.

कंपासपेटी या पत्रासोबत पाठवते आहे. तुझ्या मुलीला सहावीत लागेल. खोडरबर काढून घेतलंय, ते माझं आहे.

एकोणतीस एप्रिल, सकाळी सात, पादचारी पूल. बाटल्या घरीच धुवेन. खिडकीत काही लागणार नाही. तारीख फक्त आपल्या दोघांना माहीत आहे.

ताई